संगणकाची घडणावळ

सोन्याचा आजचा भाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतो. तो वर्तमानपत्रात छापलेला असतो, फोनवरही दिसतो. तरीही दागिन्याच्या बिलात सोन्याच्या किमतीखाली घडणावळीचा स्वतंत्र आकडा असतो आणि गिऱ्हाईक तो देते. कारण लगडीचा हार आपोआप होत नाही, हे त्याला समजते. संगणकाच्या धंद्यात मात्र ही रीत अद्याप रुजलेली नाही. व्यवसायासाठी खास यंत्र बांधून घेणारे गिऱ्हाईक प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांचे भाव फोनवर पाहून येते, त्यांची बेरीज विक्रेत्यापुढे ठेवते आणि विचारते, "याहून कमी काय करता?" कामाची पाहणी, भागांची निवड, जुळणी, चाचणीत गेलेले दिवस यांना त्या बेरजेत जागाच नसते. मग विक्रेत्याने आपला नफा कोठून काढावा? बहुधा तो अशा भागांतून निघतो, ज्यांचे नाव गिऱ्हाईक विचारीत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत आणि जिल्ह्याच्या बाजारपेठेपासून तालुक्याच्या गावापर्यंत व्यापारी कुटुंबांतील पुष्कळ तरुण या व्यवसायात शिरले आहेत. हिशेबाचा साधा संगणक किंवा लॅपटॉप विकण्यात आता फारसे सुटत नाही. तो खोक्यातून निघतो तसाच चालतो आणि त्याचा भाव सर्वांना दिसतो. उरते ते जड कामाचे यंत्र, ज्याला वर्कस्टेशन म्हणतात. वास्तुविशारद, छपाईवाले, चित्रफितींचे संपादक, यंत्रांचे सुटे भाग आखणारे कारखानदार आणि दागिन्यांची कॅड रेखाटने करणाऱ्या पेढ्या यांना ते लागते. हे यंत्र कामाच्या मापाने बांधावे लागते. या व्यवहारात विकणाराच्या जागी जशी आपल्या समाजातील कुटुंबे आहेत, तशी विकत घेणाराच्या जागीही आहेत. म्हणून दोन्ही बाजूंनी त्याचा विचार करणे हितावह ठरेल.

दोन दरपत्रके

उदाहरणादाखल जळगावच्या सराफ बाजारातील एखादी मध्यम पेढी डोळ्यांपुढे आणावी. पेढीत दोन कॅड डिझायनर आहेत. एक जण दागिन्याचे रेखाटन करतो. दुसरा त्या रेखाटनावरून हुबेहूब छायाचित्रासारखी दिसणारी चित्रे तयार करतो. ती चित्रे गिऱ्हाइकाला फोनवर जातात, पसंती आली की रेखाटनाची फाइल त्रिमितीय छपाईयंत्राकडे जाते, तेथे मेणाचा किंवा रेझिनचा नमुना निघतो आणि त्यावरून ओतकाम होते. दिवाळीला दोन महिने आहेत. दोन्ही संगणक मंदावले आहेत. एका चित्राला पाऊण तास लागतो आणि दिवसातील कामाचे दोन-दोन तास नुसते वाट पाहण्यात जातात. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका माणसाचे ६०० तास झाले. पेढीचे धाकटे भागीदार दोन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवतात.

पहिला विक्रेता फोनवरच सर्व ठरवतो. "सर्वांत वरचे देतो," असे तो म्हणतो आणि एकसारख्या दोन यंत्रांचे दरपत्रक पाठवतो. त्यात एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे ३२ जीबी स्मृतीचे, एकटेच ५७५ वॅटपर्यंत वीज घेणारे ग्राफिक्स कार्ड आहे, काचेचे कॅबिनेट आहे, रंगीत दिव्यांचे पंखे आहेत. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसपुढे केवळ "१००० वॅट" एवढेच लिहिले आहे. त्याचा उत्पादक कोण, हे लिहिलेले नाही. बॅकअपचा उल्लेख नाही.

दुसरा विक्रेता एक दिवस मागून घेतो. तो पेढीवर येतो आणि दोन्ही डिझायनरांच्या शेजारी बसून काम पाहतो. कोणती फाइल उघडायला किती वेळ लागतो, कोणत्या कामाच्या वेळी प्रोसेसरवर किती भार येतो, ग्राफिक्स कार्डाची स्मृती किती भरते, हे तो वहीत टिपून घेतो. आजवरचे सर्वांत अवजड रेखाटन तो उघडायला लावतो. त्याला ९ जीबी स्मृती लागते.

या पाहणीतून निघालेली पहिली गोष्ट संगणकाच्या आतली नसतेच. सर्व रेखाटने कोपऱ्यातील एका जुन्या संगणकावर साठवलेली असतात आणि त्याला जोडणारा नेटवर्क स्विच १०० मेगाबिटचा असतो. अशा स्विचमधून सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट जातात. ३०० मेगाबाइटची फाइल उघडायला त्यामुळे २५ सेकंद लागतात, मग समोरचे यंत्र कितीही महागडे असो. दोन हजारांच्या आत मिळणारा गिगाबिट स्विच आणि साठ्याच्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी एवढ्याने तीच फाइल तीन-चार सेकंदांत उघडू शकते. रेखाटन करणाऱ्या डिझायनरचा बहुतेक खोळंबा तेथेच संपतो. त्याच्या यंत्राला थोडी रॅम वाढवली की नवे यंत्र घेण्याची गरज उरत नाही. विक्रेत्याची एक मोठी विक्री त्या क्षणी हातची जाते. तो तसे लिहून देतो.

हिऱ्यातील प्रकाश

दुसऱ्या डिझायनरला मात्र खरोखरच जड यंत्र लागते. त्याचे कारण हिऱ्याच्या स्वभावात आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ असतो. आत शिरलेला किरण पैलूवर लंबापासून साडेचोवीस अंशांहून अधिक कलून आदळला, तर तो बाहेर न पडता आतच परततो, दुसऱ्या पैलूवर जातो, तेथून तिसऱ्यावर. हिऱ्याचे तेज या परावर्तनांतूनच येते. मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये याच गणितावर आधारून गोल हिऱ्याच्या पैलूंची प्रमाणे मांडली होती. संगणकाला हिरा खरा दिसवायचा असेल, तर प्रत्येक किरणाचा असा माग काढावा लागतो. एका गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. शंभर लहान हिरे जडवलेल्या बांगडीत ५,७०० पैलू झाले. भिंत किंवा कपाट यांच्या चित्रात किरण दोन-चार ठिकाणी आदळला की पुरते. हिऱ्याच्या चित्रात तेवढ्यावर थांबले, तर खडा काळवंडलेला दिसतो. त्यामुळे वास्तुविशारदाला पुरणारे यंत्र सराफाला पुरेलच असे नाही. कामाचे नाव "त्रिमितीय रेखाटन" एकच असले, तरी माप वेगळे असते.

रेखाटन आणि चित्र या दोन कामांतील भेद प्रोसेसर निवडताना फार महत्त्वाचा ठरतो. पेढीत दहा मुनीम असले, तर दहा वह्यांतील बेरजा एकाच वेळी तपासून होतात. परंतु एकाच खात्यात प्रत्येक नोंदीनंतरची शिल्लक काढून मगच पुढची नोंद करायची असेल, तर दहांपैकी नऊ जण हातावर हात ठेवून बसतात. प्रोसेसरमधील कोअर म्हणजे असे मुनीम. चित्र तयार करण्याचे काम त्यांत वाटून देता येते, कारण प्रत्येक किरणाचा हिशेब स्वतंत्र असतो. राइनोसारख्या प्रणालीत आकार घडवण्याचे काम मात्र बहुतांशी एकामागून एक पायरीने चालते. तेथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग मोलाचा असतो.

जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हा व्यवहार एका सूत्रात मांडला. कामाचा ९५ टक्के भाग वाटून देता येत असेल आणि ५ टक्के येत नसेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग वीस पटींपलीकडे जात नाही. त्याच कामाला १६ कोअर दिले तर वेग सुमारे ९ पट होतो आणि ६४ दिले तर सुमारे १५ पट. म्हणजे कोअर चौपट झाले, पण वेग दुप्पटही झाला नाही. आणि काम निम्मेच वाटता येण्यासारखे असेल, तर हजार कोअर लावूनही वेग दुपटीला पोहोचत नाही. "जास्त कोअर म्हणजे जास्त चांगले" असे सांगून विकलेली अनेक यंत्रे या हिशेबात बसत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. चित्राचे सर्व साहित्य कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत मावले पाहिजे. मावले नाही तर काम अडते किंवा फार मंदावते. पण मावल्यानंतर उरलेली रिकामी स्मृती वेग वाढवीत नाही. ज्या पेढीचे अवजड काम ९ जीबीत बसते, तिला १६ जीबीचे, ३०० वॅटचे कार्ड पुढील काही वर्षांच्या वाढीसह पुरते. पाऊण तासाचे चित्र मोठ्या कार्डावर पाच मिनिटांत आणि मधल्या कार्डावर आठ मिनिटांत होत असेल, तर त्या तीन मिनिटांसाठी किती पैसे मोजायचे, हे पेढीने ठरवावे. विक्रेत्याचे काम तो हिशेब समोर मांडण्याचे आहे.

डोळ्यांआड राहणारे भाग

वाचलेले पैसे दुसरा विक्रेता जेथे घालतो, त्या जागा कोणाला दिसत नाहीत. पहिली जागा एसएमपीएसची. भिंतीतील वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा हा डबा निकृष्ट असेल, तर तो बंद पडताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही सोबत घेऊन जाऊ शकतो. त्याच्यावरील '८० प्लस' हे चिन्ह २००४ पासून प्रचारात आहे. त्यात ब्रॉन्झ, गोल्ड, टायटॅनियम अशा पायऱ्या आहेत. ५०० वॅट लागणाऱ्या यंत्राचा एसएमपीएस ८० टक्के कार्यक्षम असेल, तर तो भिंतीतून ६२५ वॅट ओढतो. ९० टक्के असेल तर सुमारे ५५५. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस यंत्र पूर्ण भारावर चालले, तर वर्षाकाठी १६५ युनिटांच्या आसपास फरक पडतो. मात्र हे चिन्ह केवळ कार्यक्षमता सांगते. विजेच्या झटक्यापासून संरक्षण किती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी उत्पादकाची ख्याती आणि त्याने दिलेली वॉरंटी पाहावी लागते. चांगले उत्पादक दहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात.

दुसरी जागा हवेची. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. संगणकातील पंखा किंवा पाण्याचा कूलर खोलीतील हवेनेच यंत्र निववतो. खोली जेवढी तापते, तेवढे यंत्राचे तापमानही चढते. ९५ ते १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढून काच असलेले, हवा कोंडणारे कॅबिनेट अशा गावात उपयोगाचे नाही. जाळीचा दर्शनी भाग, काढून झाडता येणारी धूळगाळणी आणि भिंतीपासून हातभर अंतर एवढ्या साध्या गोष्टींनी महागड्या प्रोसेसरचा पूर्ण वेग मिळतो.

तिसरी जागा यूपीएसची. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत "१००० व्हीए" असे लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात असे अनेक यूपीएस ६०० वॅटचाच भार पेलतात. व्हीएचा आकडा पाहून घेतलेला यूपीएस वीज जाताच पहिल्या क्षणी मान टाकतो. विकत घेताना वॅटचाच आकडा विचारावा आणि खोलीचे अर्थिंग विजेच्या कारागिराकडून तपासून घ्यावे.

चौथी जागा स्मृतीतील चुकांची. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणिती शनिवार-रविवारी यंत्रावर काम लावून जात. यंत्राला चूक आढळली की ते काम सोडून देई आणि सोमवारी हाती काही लागत नसे. चूक झाल्याचे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९५० मध्ये त्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. ताळा जुळत नसेल तर ज्या आकड्यात चूक आहे तोच शोधून काढणारी ही रीत आज ईसीसी रॅममध्ये वापरतात. तिच्यात ६४ बिटांच्या जोडीला ८ बिटे ताळ्यासाठी ठेवलेली असतात. गूगलच्या संगणकांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. चित्र काढताना एखादा ठिपका चुकला तर काही बिघडत नाही. साठ्याच्या संगणकात मात्र बिघडलेली फाइल बॅकअपमध्येही तशीच उतरते. म्हणून दुसरा विक्रेता साठ्यासाठी ईसीसी सुचवतो आणि चित्रांच्या यंत्रासाठी किमतीतील फरक लिहून निर्णय पेढीवर सोपवतो. येथे एक सावधगिरी हवी. डीडीआर५ रॅमच्या आत जी चुका सुधारण्याची सोय असते, ती म्हणजे संपूर्ण ईसीसी नव्हे. दोन्हींचे नाव सारखे असल्याने एकाच्या नावावर दुसरे विकले जाऊ शकते.

रेखाटनांची तिजोरी

पेढीचे सोने तिजोरीत असते आणि त्याचा विमा असतो. वीस वर्षांची रेखाटने मात्र एका डिस्कवर असतात. डिस्क गेली तर नवी मिळते, रेखाटने मिळत नाहीत. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड पद्धत अनेकांना बॅकअप वाटते. तो गैरसमज आहे. एकीवर चुकून पुसले तर दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. अशी प्रणाली नेटवर्कवर पसरते आणि सदैव जोडून ठेवलेल्या बॅकअप डिस्कलाही सोडत नाही.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक वेगळ्या जागी. पेढीवर एक, रोज संध्याकाळी जोडून रात्री काढून ठेवायच्या डिस्कवर दुसरी आणि घरी किंवा क्लाउडवर तिसरी, अशी व्यवस्था मध्यम पेढीला सहज जमते. महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादी फाइल उघडून पाहावी, म्हणजे प्रत खरोखर वापरता येते की नाही हे वेळीच कळेल.

कागद आणि कायदा

सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असण्याचे बंधन १ एप्रिल २०२३ पासून आले. संगणकाच्या प्रत्येक भागावरही उत्पादकाचा अनुक्रमांक असतो. तो बिलावर लिहून घ्यावा. बिलावर नुसते "संगणक संच, एक नग" असे असेल, तर दोन वर्षांनी बिघडलेले कार्ड हेच होते, हे सिद्ध करता येत नाही. परदेशातून परस्पर आणलेल्या स्वस्त भागांना भारतात वॉरंटी नसते. अनुक्रमांक तपासला की हे आधीच कळते.

बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेतले, तर १८ टक्के कराची वजावट व्यवसायाच्या नियमांनुसार मिळू शकते. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो; मात्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्या वर्षी निम्माच. रोखीने, बिलाशिवाय घेतलेले "स्वस्त" यंत्र या दोन्ही सोयींना मुकते.

बेकायदा प्रतींचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अनेक विक्रेते "सॉफ्टवेअर टाकून देतो" असे सहज म्हणतात आणि गिऱ्हाईकही ते सहज घेते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय अशा फुकट प्रतींतूनच अनेकदा खंडणीखोर प्रणाली घरात शिरते. दुसऱ्याची रेखाटने चोरणाऱ्या कारागिराला जी पेढी दारात उभे करणार नाही, तिने दुसऱ्याची प्रणाली चोरून वापरावी, यात संगती नाही.

बिलातील शेवटची ओळ

दुसऱ्या विक्रेत्याचे दरपत्रक पेढीवर येते. एक नवे यंत्र, जुन्या यंत्राची दुरुस्ती, स्विच, यूपीएस, साठ्याची व बॅकअपची सोय आणि प्रणालीचा अधिकृत परवाना. एकूण रक्कम पहिल्या दरपत्रकाच्या निम्म्याहून थोडी कमी. शेवटच्या ओळीत लिहिलेले असते, "पाहणी, निवड, जुळणी व तीन दिवसांची चाचणी" आणि त्यापुढे एक आकडा.

थोरले भागीदार त्या ओळीवर बोट ठेवतात. "सामानाचे भाव आम्ही पाहिलेत. हे वरचे कशाचे?"

"शेठजी, आपल्या बिलात घडणावळ असते, तशी ही," विक्रेता सांगतो. "ही ओळ काढून टाकायची असेल तर काढतो. पण मग तेवढी रक्कम मला सामानात लपवावी लागेल आणि कोठे लपवली हे आपल्याला कळणार नाही."

या संभाषणाचा शेवट प्रत्येक पेढीवर एकच होईल असे नाही. काही जण ती ओळ मान्य करतील. काही जण दरपत्रकातील भागांची यादी उतरवून घेतील आणि तीच यादी तिसऱ्या दुकानात नेऊन दोन हजार वाचवतील. त्या विक्रेत्याचा एक दिवस फुकट जाईल. या धंद्यातील तरुणांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे आणि एसएमपीएस हलका घालण्याचा मोह त्यातूनच जन्मतो. खरेदीदाराने घासाघीस करताना एवढे ध्यानात ठेवावे, की उघड दिसणारी मजुरी कापली की ती न दिसणाऱ्या जागी निघते. विक्रेत्यानेही पाहणीचे शुल्क आधीच सांगावे, ते वेगळे घ्यावे आणि खरेदी झाली तर ते वळते करून द्यावे. मग यादी कोणीही कोठेही नेली तरी त्याच्या ज्ञानाचे मोल बुडत नाही.

चाचणीचे तीन दिवसही वायफळ नसतात. मेमटेस्ट८६ सारख्या प्रणालीने रॅम रात्रभर तपासली जाते. प्राइम९५ सारखी प्रणाली प्रोसेसरला तासन्‌तास पूर्ण भारावर ठेवते. कच्चा भाग बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच बिघडतो. तो दुकानात बिघडला तर बदलून मिळतो, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पेढीवर बिघडला तर हंगाम जातो. तापमान आणि वेग यांचे आकडे कागदावर लिहून यंत्रासोबत दिले, म्हणजे सहा महिन्यांनी मंदपणाची तक्रार आली तर तुलना करता येते.

आणि इतके करूनही चूक होतेच. त्या वेळी विक्रेता कसा वागतो, यावर पुढील व्यवहार अवलंबून असतो. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक आढळली. सामान्य वापरकर्त्याला ती २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल, असे कंपनीने म्हटले आणि ज्यांना आपली गरज पटवून देता येईल त्यांनाच प्रोसेसर बदलून देण्याची तयारी दाखवली. तिचा हिशेब बरोबर असेलही. पण लोकांना तो ऐकायचा नव्हता. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत खोट आहे आणि ती आपल्याला लागू आहे की नाही हे विकणारा ठरवतो, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. डिसेंबरमध्ये आयबीएमने त्या प्रोसेसरच्या यंत्रांची विक्री थांबवली. अखेर इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून दिला आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा बोजा सोसला. पहिल्याच आठवड्यात "बदलून देतो" हे दोन शब्द उच्चारले असते, तर नाचक्की तरी टळली असती.

लहान दुकानाला एवढा तोटा सोसवणार नाही, पण तेथे हे दोन शब्द अधिक सहजपणे बोलता येतात, कारण गिऱ्हाईक समोर असते. त्यासाठी काही भाग दुकानात जादा ठेवावे. उत्पादकाकडून बदली येईपर्यंत पेढीचे काम चालू राहील अशी तात्पुरती सोय करावी आणि तिचे शुल्क असेल तर तेही दरपत्रकात आधीच लिहावे.

राहिला जुन्या यंत्रांचा प्रश्न. ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यांतील डिस्क काढून पूर्ण पुसावी, कारण तिच्यात गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि पसंतीची रेखाटने असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. संगणकाच्या विक्रेत्याने जुने यंत्र परत घेऊन ते तेथे पोहोचवण्याची जबाबदारी उचलली, तर गिऱ्हाइकाची एक चिंता मिटते. ज्या विक्रेत्याकडे प्रत्येक विकलेल्या यंत्राचे स्वतंत्र खाते असते, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता भाग बसवला, कोणता बदलला, तापमान किती होते, याची नोंद असते, त्याला पाच वर्षांनी पुढचे यंत्र सुचवताना फारसे बोलावे लागत नाही. त्या खात्याचे पान उलगडून दाखवले की पुरते.